चौदा नंबरचा फॉर्म

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. माझं नाव अन् गाव छापू नका, परभणी जिल्ह्यातली आहे एवढंच लिहा. १२ वर्षं झाली माझं पार्लर आहे, आणि ३ वर्षांपासून नवरात्रात इथल्या मंगल कार्यालयात सौंदर्यवती स्पर्धा घेते. नऊवारीचा राउंड, परिचय, प्रश्नोत्तरं, शेवटी क्राउन आणि पैठणी. ह्या वर्षी २२ फॉर्म आलेत, त्यातला १४ नंबरचा एका ट्रान्स मुलीचा आहे. तो माझ्याकडे दोन वर्षांपासून आयब्रो-फेशियलला येतो, म्हणजे येते, रात्री साडेआठनंतर, गर्दी ओसरली की. स्वभावानं लई गोड आहे, बीकॉम झालीय, मॉडेलिंग करायचंय म्हणते. मी फॉर्म घेतला, ५०० रुपये फी पण घेतली. मग कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि आता ४ मुलींच्या आया म्हणायलेत की तो असंल तर आमच्या मुली नाहीत. चेंजिंग रूमचं काय, विचारायलेत. एक म्हणाली त्याची उंची बघा, आमच्या पोरींवर अन्याय आहे. पैठणी देणारे साडीवाले शेठ म्हणतात तिला स्टेजवर बोलवा, शाल-श्रीफळ देऊ, विशेष सन्मान करू, पण स्पर्धेत नको. मला ते बरं वाटायलंय, कुणीच दुखावणार नाही. पण फी परत करते असा मेसेज टाइप करून ठेवलाय तो ४ दिवस झाले पाठवू वाटंना. काय करू?"

अगं माय, पाठवू वाटंना ना, मग पाठवू नको. माझं उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे तुला शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचावं लागणार नाही. तिला खेळू दे. २२ जणींतली एक म्हणून, त्याच राउंडला, त्याच मार्कांवर, आणि मार्क कमी पडले तर बाकीच्यांसारखीच हरू दे. पुढचं सगळं हे निभवायचं कसं त्याच्यावर आहे, कारण मला माहितीय की तुझ्या गावात राहायचं तुला आहे, मी इथं संभाजीनगरात बसून लिहायलेय.

एक आधी. पत्रात तू "तो येतो, म्हणजे येते" असं लिहिलंस. तुझं चुकलं म्हणून सांगत नाहीये, तुझं तुलाच लगेच लक्षात आलं हे मला आवडलं. पण आता ह्या पंधरा दिवसांत तुझ्या तोंडून एकदा जरी "तो" निघालं ना, तर त्या चार आया त्यालाच धरून बसतील की बघा आयोजकच तो म्हणायलेत. म्हणून मनातल्या मनात पण ती. ती आली, ती बसली, तिचा नंबर १४. आठ दिवसांत जिभेला सवय होती.

आता माझं सांगते, कारण हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. १५-१६ वर्षं झाली असतील, एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी परीक्षक म्हणून गेले होते, कॉलेजचं नाव सांगत नाही. साडी डे होता अन् त्यातच रॅम्प वॉक. नावनोंदणीच्या टेबलाजवळ मी चहा पीत बसले होते तेव्हा एक पोरगी आली, कागदावर नाव मुलाचं होतं पण मी तिला पोरगीच म्हणते, तेव्हा म्हणायला पाहिजे होतं ते आता म्हणते. हातात कॅरीबॅग, त्यात घडी घातलेली मोरपंखी साडी अन् वरती कुणाच्या तरी पैंजणांची पुडी, पेपरात गुंडाळलेली. टेबलवरच्या सरांनी यादी बघितली, तिच्याकडं बघितलं, लाल पेनानं नाव खोडलं अन् माझ्याकडं बघून हसले. मी पण हसले. नुसती हसले गं, बोलले काहीच नाही. तिनं फॉर्मची चार घड्या करून तो पैंजणांच्या पुडीखाली सरकवला आणि निघून गेली. पुढं वर्षभरात कॉलेज सोडून पुण्याला गेली एवढंच कानावर आलं. मला आजही त्या कार्यक्रमात कोण जिंकलं ते आठवत नाही, ती मोरपंखी साडी आठवती. तुझा तो न पाठवलेला मेसेज वाचला अन् पहिलं तेच डोळ्यासमोर आलं.

आता शेठजींच्या शाल-श्रीफळाकडे येऊ, कारण खरा फसवा रस्ता तोच आहे. आयांचा विरोध निदान उघड आहे, हे मात्र मानाच्या ताटात वाढलेलं आहे म्हणून गोड लागतंय.

बघ, आपल्या मराठवाड्यात तृतीयपंथीयांना मान देत नाही असं कुणी म्हणणार नाही. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर, माहूरच्या गडाखाली, परडी घेऊन जोगवा मागणारे असतात, त्यात किती जणी तृतीयपंथी असतात. दारात आल्या तर आपण पीठ-मीठ घालतो, हळद-कुंकू लावतो, लेकराला त्यांच्या पायावर घालतो. दुकानाचं उद्घाटन असलं, घरात बाळ झालं, लग्न झालं तर टाळी वाजवत आलेल्यांचा आशीर्वाद घेतो, त्यांचा तळतळाट नको म्हणून हात जोडतो. तुझ्या शेठजींनाच विचार, दिवाळीला दुकानाची नजर कोण उतरवून जातं, आणि त्यांच्याकडून वर्षाला किती साड्या घेतात त्या. पण हा सगळा मान उंबऱ्याच्या बाहेरचा आहे. पाया पडायचं, पैसे द्यायचे अन् दार लावून घ्यायचं. शेजारच्या खुर्चीवर बसवायचं म्हटलं, एका रांगेत उभं करायचं म्हटलं, की लगेच चेंजिंग रूमचं काय.

त्या पोरीनं ५०० रुपये कशाचे भरलेत? शाल पांघरून घ्यायचे नाही भरले. शाल रिटायर झालेल्या गुरुजींना देतात. तिनं पैसे भरलेत ते तिच्या चालण्याला, बोलण्याला, नऊवारी सावरण्याला कुणीतरी मार्क द्यावेत म्हणून. तिला स्टेजवर बोलवून, दोन मिनिटं टाळ्या वाजवून, "समाजाचा एक उपेक्षित घटक" वगैरे भाषण ठोकून खाली पाठवलं तर हॉलमधल्या ५०० लोकांसमोर तू हेच सांगितलं की ही वेगळी आहे, हिच्याशी बरोबरी होत नाही. त्यापेक्षा आठव्या नंबरवर आली अन् घरी जाऊन रडली तरी चालंल, तसं तर बाकीच्या पण रडतातच.

कुणी म्हणंल की त्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात की, तिकडं जावं. असतात. तमिळनाडूत विल्लुपुरमजवळ कूवागम म्हणून गाव आहे, तिथं कूत्तांडवर देवाची जत्रा भरते चैत्र-वैशाखाच्या सुमारास, देशभरातल्या किन्नर येतात, त्यावेळी मिस कूवागम निवडतात. थायलंडमध्ये पटायाला २००४ पासून मिस इंटरनॅशनल क्वीन होते, तिथं २०१६ च्या स्पर्धेला आपल्या मणिपूरची बिशेष हुइरेम भारताकडून गेली होती. २०१७ ला भारतात मिस ट्रान्सक्वीन इंडिया सुरू झाली, पहिली विजेती कोलकात्याची निताशा बिस्वास. ह्या स्पर्धांबद्दल मला आदरच आहे, पण त्या उभ्या राहिल्या त्या स्वतःचं अंगण असावं म्हणून, अन् बाकीची दारं बंद होती म्हणून. स्वतःच्या हौसेनं आपल्या अंगणात खेळणं निराळं अन् आपण बखोटीला धरून तिकडं नेऊन सोडणं निराळं. आणि तुझ्या गावापासून पटाया किती लांब आहे सांग बरं, तिला तुझं मंगल कार्यालय आहे तेवढंच आहे.

आता ती उंचीची अन् अन्यायाची गोष्ट. ही भीती मला खरी वाटती, म्हणजे त्या आईला ती खरंच वाटत असणार, पोरीनं चार महिने तयारी केली असणार, म्हणून हसण्यावारी नेऊ नको. तिला नीट सांग.

जगातली मोठी स्पर्धा घे, मिस युनिव्हर्स. २०१२ ला कॅनडात जेना तालाकोवा नावाच्या मुलीला ती जन्मानं मुलगी नाही म्हणून बाहेर काढलं होतं. तिनं वकील लावला, बोंबाबोंब झाली, मग परत घेतलं, आणि त्यानंतर मिस युनिव्हर्सवाल्यांनी नियमच बदलला. घेतलं म्हणजे क्राउन घेऊन गेली असं पण नाही हां, ती त्या कॅनडाच्या स्पर्धेत पहिल्या १२ त आली आणि तिथंच थांबली. मग २०१८ ला बँकॉकला स्पेनची अँजेला पोन्से, मिस युनिव्हर्सच्या मेन स्टेजवर उतरलेली पहिली ट्रान्स बाई. तिचा स्टेजवर खास गौरव केला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण पहिल्या २० त नाव नव्हतं. २०२३ ला दोघी होत्या, नेदरलँड्सची रिकी कोले अन् पोर्तुगालची मरिना मशेते. मरिना पहिल्या २० त आली, तिथं थांबली. क्राउन निकाराग्वाच्या मुलीनं नेला. दार उघडून इतकी वर्षं झाली, मिस युनिव्हर्सचा क्राउन एकाही ट्रान्स बाईला मिळालेला नाही. मग आमच्या पोरींचं काय राहील ही जी भीती आहे ना, तिला धरायला बुडखाच नाही.

उंचीचं तर तुझ्या २२ फॉर्मांतच उत्तर आहे. काढ ते फॉर्म, सगळ्यात उंच कोण अन् सगळ्यात बुटकी कोण बघ, चार-सहा इंचाचा फरक निघंलच, तरी बुटक्या पोरीची आई उंच पोरीवर कधी अन्याय म्हणाली का? नाही म्हणाली, कारण नऊवारीत उंचीपेक्षा चाल दिसती हे तुला पण माहितीय अन् तिला पण. कुणी पी.टी. उषाचं अन् ऑलिंपिकचं काढंल. खेळाचं वेगळं आहे, तिथं वेग, ताकद, सेकंद मोजतात, त्यावर डॉक्टर लोक भांडायलेत, भांडू द्या. सौंदर्यवती स्पर्धेत आपण कुणाची ताकद मोजत नाही. परिचय देताना आवाज कापला का, परीक्षकानं प्रश्न विचारल्यावर पाठ केलेलं बोलली का मनातलं बोलली, हे मोजतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, सगळीकडं दार उघडलंय असं नाही. २०२३ लाच मिस इटलीच्या आयोजक बाईंनी जाहीर सांगितलं की आमच्याकडं जन्मानं बाई असलेलीच चालंल. अमेरिकेत अनिता ग्रीन नावाची ट्रान्स बाई एका स्पर्धेविरुद्ध कोर्टात गेली, २०२२ ला तिथल्या अपील कोर्टानं निकाल आयोजकांच्या बाजूनं दिला, की स्पर्धा तुमची, त्यातून काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला तो निकाल वाचून एकच वाटलं, ठीक आहे, ठरवायचं आयोजकाला आहे ना, मग आपल्या गावातली आयोजक तू आहेस. ठरव.

आणि अमेरिका कशाला, आपल्याच घराजवळचं सांगते, हे त्या आयांना नक्की सांग. २०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका होत्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली म्हणून तृतीयपंथी उमेदवार होती, तिनं महिलांसाठी राखीव वॉर्डातून फॉर्म भरला. निवडणूक अधिकाऱ्यानं फॉर्म बाद केला, की तुम्ही बाई नाही. ती आपल्या इथल्या खंडपीठात आली, औरंगाबाद खंडपीठात, जालना रोडवर, जिथून मी रोज जाते. कोर्टानं सांगितलं की तिनं स्वतःला बाई म्हणून निवडलंय, तिचा फॉर्म महिला राखीव मध्येच घ्या. घेतला. आणि माय, ती निवडून आली. गावातल्या लोकांनी मतं दिली, बाया-बापड्यांनी दिली. एका खेड्याला हे जमतंय तर तुझ्या मंगल कार्यालयातल्या तीन परीक्षकांना का जमू नये?

त्या निकालाच्या मागं अजून एक मोठा निकाल आहे, १५ एप्रिल २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा, त्यात तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींनी स्वतःची सगळी हकिकत कोर्टासमोर मांडली होती, आणि कोर्टानं म्हटलं की मी पुरुष का स्त्री का तृतीयपंथी हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याचा. हे मी धाक दाखवायला सांगत नाहीये. ग्रुपवर वकिली केली तर भांडण वाढतं. तुला स्वतःला आतून आधार पाहिजे ना, म्हणून सांगितलं.

चेंजिंग रूम. हा प्रश्न खरा आहे आणि सगळ्यात सोपा आहे. मी अशा कितीतरी कार्यक्रमांना गेलेय, वधूपक्षाची एक खोली असती, त्यात २० पोरी, त्यांच्या आया, बहिणी, मेकअपवाली, एक कुणाचं तरी रडणारं लेकरू, आणि मधीच डेकोरेशनवाला पोरगा दार ढकलून वायर ओढत जातो. तिथं कुणाचीच अब्रू राहत नाही. तू मंडपवाल्याला सांगून त्याच खोलीत पडदे लावून चार कप्पे करून घे, आत एक खुर्ची, एक खिळा, एक आरसा. एका वेळी एका कप्प्यात एकच जण. सगळ्यांना तोच नियम. तिला एकटीला लांबची स्टोअर रूम देऊ नको, भांड्याच्या ढिगात बसून ती पदर लावंल ते मला बघवणार नाही. दारावर एक बाई बसव, कुणाचाही बाप, भाऊ, फोटोग्राफर आत नको. बघ, ह्या एका गोष्टीनं दोन आया तर तिथंच गप होतील, कारण त्यांच्या पोरींना पण आजपर्यंत आडोसा नव्हता.

पण त्यांच्याशी ग्रुपवर बोलू नको. ग्रुपवर माणूस दुसऱ्याला दाखवायला बोलतो. एकेकीच्या घरी जा, चहा पी. ज्यांच्या घरी आजी आहे तिथं आजीच्या समोर बोल. जुन्या बायांना बालगंधर्व माहिती असतात, निदान आईकडून ऐकलेले असतात, की नारायणराव राजहंस स्टेजवर जसं नेसायचे तसं नेसायला चांगल्या घरच्या बाया शिकल्या, तसे दागिने घडवून घेतले. आता ते पुरुष होते, भूमिका करायचे, पडदा पडला की धोतर नेसायचे, आणि ही पोरगी भूमिका करत नाही, ती घरी पण तीच आहे, हा फरक मोठा आहे अन् तो पण सांग. पण जन्मानं बाई नसलेल्या माणसाकडं बघून "काय सुंदर नेसलंय" म्हणायला आपल्या पणज्या लाजल्या नाहीत एवढं तरी त्यातून कळतं. तेवढं करून एखादी म्हणालीच की नाही, माझी पोरगी काढून घेते, तर तिचे ५०० रुपये हसत परत कर, पुढच्या वर्षी या म्हण. भांडू नको, टोमणे मारू नको. फी परत करायचीच असंल तर ती जाणारीला करतात गं, राहणारीला कशाला.

शेठजींना पण असंच समोर जाऊन सांग. ते नाही म्हणाले तर पैठणी जाईल, हो. वाईट वाटंल. पण तू १२ वर्षं पार्लर चालवतेस, गावातल्या निम्म्या नवऱ्या तू सजवल्यास, त्यांच्या आईबापांनी साड्या त्याच दुकानातून घेतल्यात, तुझा शब्द तुला वाटतो त्यापेक्षा जड आहे. आणि पैठणी न मिळाल्यानं स्पर्धा मरत नाही, येवल्याची नाही तर साधी काठपदराची दे.

आता तिच्याबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तू लिहिलंस की ती रात्री साडेआठनंतर येते, गर्दी ओसरली की. दोन वर्षं. तू कधी तिला विचारलंस का की दुपारी का नाही येत? तिला तुझ्या खुर्चीवर बसायला अंधार लागायचा, आणि तीच पोरगी आता ५०० माणसांसमोर हॅलोजनच्या उजेडात उभी राहते म्हणाली. हे पाऊल किती मोठं आहे ते तुझ्याइतकं गावात कुणालाच कळू शकत नाही, कारण तिच्या हनुवटीवरून दोरा तू फिरवलायस.

म्हणून तिला फोन करून, नाही तर साडेआठला आल्यावर, चार गोष्टी तिलाच विचार. नाव कोणतं पुकारायचं. निवेदकानं ती ट्रान्स आहे हे माइकवर सांगायचं का नाही. तिनं नको म्हटलं तर निवेदकाच्या कागदावर तो शब्दच नको, नुसतं नाव, शिक्षण, छंद, बाकीच्यांसारखं. हो म्हटलं तर तिनं स्वतः परिचयात बोलावं, तिच्या शब्दांत, दुसऱ्यानं तिच्या वतीनं कढ आणून बोलू नये. पेपरला फोटो, इन्स्टावर रील, हे पण तिला विचारूनच. रिकी कोले मिस नेदरलँड्स झाली तेव्हा तिला इंटरनेटवर लोकांनी इतकं घाण बोललंय की वाचवत नाही, आणि तिच्या पाठीशी एक अख्खा देश होता, हिच्या पाठीशी तूच. तुझ्या पार्लरच्या पेजवर कॉमेंट बंद ठेव नाही तर एखादीला बसवून घाण काढून टाकायला सांग. अन् घरी कुणाला माहिती आहे, कुणाला नाही, तेवढं हळूच विचारून घे, कारण फोटो छापून आला अन् रात्री घरी काय होईल हे तिलाच माहिती असतं.

परीक्षकांना आधीच सांगून ठेव की तिच्या शरीरावर, ऑपरेशनवर, आधी काय होतीस ह्यावर एक पण प्रश्न चालणार नाही. बाकीच्या पोरींना "तुमचा आदर्श कोण" विचारता ना, तिला पण तेच विचारा. अशा ठिकाणी एखादा परीक्षक स्वतःला पत्रकार समजायला लागतो, त्याला तिथंच थांबव. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर एक ओळ छाप, "ट्रान्स महिलांचं स्वागत आहे". मग कुणी ग्रुपवर टाकायला बातमीच उरत नाही. आणि कागदपत्रं मागायची तर सगळ्यांकडून तीच, वयाचा पुरावा अन् एक ओळखपत्र. तिच्याकडं ट्रान्सजेंडर ओळखपत्र नसंल तर त्याचा अर्ज ऑनलाइन पोर्टलवर होतो, कलेक्टरच्या सहीनं ते मिळतं, अर्ज करायच्या आधी समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन आत्ता काय कागद लागतात ते विचारून घ्यायला सांग. तुझ्या स्पर्धेसाठी त्याची अट मात्र घालू नको. बाकीच्या २१ जणींकडून तू बाई असल्याचा दाखला मागितला नाहीस.

मॉडेलिंगचं तिचं स्वप्न खुळं नाही. नेपाळची अंजली लामा, डोंगरातल्या खेड्यातली, कितीतरी नकार पचवून २०१७ ला मुंबईत लॅक्मे फॅशन वीकला चालली. ब्राझीलची व्हॅलेंटिना सँपायो त्याच वर्षी फ्रान्सच्या व्होगच्या कव्हरवर होती. तृतीयपंथी कार्यकर्त्या आपल्या गौरी सावंत २०१७ ला विक्सच्या जाहिरातीत आल्या तेव्हा ती बघून माझ्या सासूबाईंनी डोळे पुसले होते. पण तिला हे पण सांग की पुण्या-मुंबईचा कुणी फोन करून म्हणाला आधी ४० हजार भर, पोर्टफोलिओ करतो, काम नक्की, तर फोन ठेवून दे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ट्रान्स मुलींना हे लोक जास्त गाठतात, कारण पोलिसात जायला ती घाबरंल हे त्यांना माहिती असतं. चांगल्या उजेडात काढलेले साधे फोटो, केस बांधून, मेकअप न करता, आणि एक चालण्याचा व्हिडिओ, एवढ्यावर सुरुवात होती.

आणि ती सुरुवात तुझ्याच दुकानात होऊ शकते की. ब्रायडल मेकअपचे डेमो तू कुणावर करतेस? भाचीवर, नाही तर शेजारणीच्या सुनेवर, फुकटात. ह्या सीझनला तिच्यावर कर, आणि तिला पैसे दे, थोडे का होईना पण मॉडेल म्हणून दे, हातात पाकीट. हनुवटीच्या निळसर सावलीवर आधी नारिंगी करेक्टर अन् मग बेस, हे तुला जमतंय म्हणजे ते फोटो बघून आजूबाजूच्या तालुक्यांतून अजून कुणीतरी साडेआठला येईल, आणि कदाचित पुढं दुपारी पण येईल.

तालीम कधी आहे? पत्रात लिहिलं नाहीस. तो टाइप केलेला मेसेज पूस अन् तिथंच तालमीची वेळ लिही, नऊवारी आणि सेफ्टी पिना सोबत आण म्हणून लिही, बाकीच्या २१ जणींना जो मेसेज गेलाय तोच, शब्द न् शब्द. नंबर १४ च राहू दे.